चिलट आडोशाला गेलं की

"या पृथ्वीतलावर आपल्या लक्ष्यावरून क्षणभरही ढळत नाही अशी नजर एकाच प्राण्याची आहे," बाई म्हणाल्या, आणि वाक्य श्रोत्यांत नीट मुरावं म्हणून थांबल्या. "वाघाची नाही. घारीची नाही. माणसाची तर नाहीच नाही. ती नजर आहे चतुराची. तळ्याकाठी उडणारा, चार पंखांचा, लहानपणी तुम्ही ज्याच्या शेपटीला दोरा बांधलात, तो चतुर. शंभर चिलटांच्या मागे गेला, तर नव्वदाहून जास्त घेऊनच परततो. का? कारण कुठे जायचं हे एकदा ठरलं, की तो चुकत नाही!"

टाळ्या पडल्या. मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी अदबीने हात वर केला.

"बाई, ते भविष्यनिर्वाह निधीचं कधी सुरू होईल?"

बाई चुकीच्या खोलीत आल्या होत्या. त्यांचं निरोपाचं व्याख्यान वरच्या मजल्यावर होतं. इथे हिशेब विभागाची मंडळी जमली होती आणि त्यांनी चतुराचा मेंदू निमूटपणे ऐकून घेतला होता, कारण त्या संस्थेत मधे बोलणाऱ्याला समितीवर घेतात, हा सर्वांचा जुना अनुभव होता. बाई वर गेल्या. तिथे संचालक, दोन विद्यार्थी आणि बाईंचे प्रयोगशाळेतले मदतनीस एवढेच लोक ताटकळले होते. बाईंनी त्याच आत्मविश्वासाने तेच व्याख्यान पुन्हा दिलं. शेवटचं वाक्य तेवढं गाळलं.

बाईंना निवृत्त व्हायला आठवडा उरला होता. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चतुराच्या मेंदूतल्या एका पेशीच्या सहवासात काढली होती. एका जातीच्या पेशींच्या नव्हे, एका पेशीच्या. ती मेंदूत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी असते. बाईंचा घरोबा डावीकडचीशी. उजवीकडचीबद्दल कुणी विचारलं तर "ती माझी नाही" म्हणत, शेजाऱ्यांच्या मुलीबद्दल सांगावं तसं.

कामाची जागा म्हणजे तारेच्या जाळीचा एक पिंजरा, माणूस खुर्ची घेऊन आत बसेल एवढा. आत एक जड टेबल. टेबलावर मेणाने काडीला चिकटवलेला चतुर, उलटा. त्याच्या समोर पांढरा पडदा आणि पडद्यावर फिरणारा काळा ठिपका, म्हणजे चतुराच्या दृष्टीने चिलट. चतुराच्या डोक्यात केसाहून बारीक काचेची सुई. ठिपका हलला की पेशी स्पीकरमधून बोलायची: टक, टक, टकटकटक. ठिपका थांबला की गप्प. थांबलेलं चिलट या पेशीच्या लेखी नसतंच. आणि दोन ठिपके एकदम सोडले, तर ती एकाला धरायची आणि दुसरा जणू जन्मलाच नाही असं वागायची.

"आमची थोरली सून अशीच," मदतनीस म्हणत. "दोन नणंदा एकदम आल्या, तर चहाचं एकीलाच विचारते."

पण बाईंचा जीव होता तो पट्टीच्या प्रयोगावर. पडद्यावर मधोमध एक उभी पट्टी ठेवायची. ठिपका पट्टीमागे गेला की दिसेनासा होतो. पण पेशी त्याला विसरत नाही. तो ज्या वेगाने, ज्या रोखाने आडोशाला गेला, त्यावरून पलीकडे जिथे उगवेल, तिथे ती आधीच दबा धरून बसते, आणि तो उगवला की दुप्पट आनंदाने बोलते. हे जगातल्या इतर शहाण्यांनीही पाहिलं होतं. बाईंनी मोजलं ते एवढंच, की ही वाट बघणं टिकतं किती. उत्तर फार मोठं नव्हतं. सेकंदाच्या आतबाहेर. तेवढ्यात ठिपका आला नाही तर पेशी त्याचा नाद सोडते आणि दुसऱ्या चिलटाला मोकळी होते.

बाईंना याचा दरवेळी थोडा राग येई. "एवढ्यात सोडलंस?" त्या विचारत. चतुर उलटा असल्यामुळे उत्तर देत नसे.

आणखी एक शिस्त होती. मोबाइलमुळे स्पीकरमध्ये खरखर येते, म्हणून पिंजऱ्यात शिरण्याआधी फोन दाराबाहेरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. बाईंचा फोन दिवसाचा बहुतेक वेळ त्या डब्यात असे. त्याचं काही अडत नसे. तो वाजतच नसे.

घर दोन खोल्यांचं. एकीत बाई राहत आणि दुसरीचं दार लोटलेलं असे. जेवताना रेडिओ लावत, जेवण झालं की बंद करत, मग घरात जो आवाज उरे तो फ्रिजचा. भिंतीवरच्या पालीशी संबंध बरे होते. पाल हलली की दोघींची नजरानजर होई, मग जी ती आपल्या कामाला लागे.

लोटलेल्या दाराची खोली भाचीची. बाईंची बहीण गेली तेव्हा भाची नऊ वर्षांची होती. एक पिशवी आणि एक कोऱ्या पाटीसारखा चेहरा घेऊन ती आली आणि दुसऱ्या दिवसापासून घरभर भिरभिरायला लागली. बाईंनी तिचं नाव ठेवलं चिलट. चतुर बाळगणाऱ्या बाईने पोरीला चिलट म्हणावं, यात काही वावगं आहे हे बाईंच्या लक्षात आलं नाही. चिलटाच्या आलं, पण बऱ्याच वर्षांनी.

पहिल्याच महिन्यात ती बाजारात हरवली होती. सापडल्यावर बाईंनी तिला समोर उभं केलं आणि सांगितलं, "हरवलीस तर आहेस तिथेच बसायचं. जागचं हलायचं नाही. शोधायचं काम माझं. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तू शोधणार."

शाळा सुटली की मात्र खेळ वेगळा. चिलट फाटकातून सुटायची, शाळेच्या लांबलचक भिंतीमागून धूम ठोकायची. बाई भिंतीच्या दुसऱ्या टोकाला हात पुढे करून उभ्या राहायच्या आणि बरोबर क्षणाला "आलीस!" म्हणायच्या. म्हणेपर्यंत पोरीचं डोकं हाताखाली आलेलं असे. एकदाही चुकलं नाही. पट्टीचा प्रयोग बाईंना सुचला तो तिथेच, त्या भिंतीच्या टोकाला. पुढे शोधनिबंध छापून आला, तेव्हा बाईंनी त्यात अनुदान देणाऱ्यांचे, मदतनिसांचे आणि तळ्याचेही आभार मानले. भिंतीमागून येणारीचे राहिले.

मग चिलट मोठी झाली आणि बसायला लागली. टेबलाशी बसून अभ्यास करायची, खिडकीशी बसून विचार करायची, जेवणाच्या वेळी समोर बसून काहीबाही सांगायची. बाई "हं" म्हणायच्या. दुसऱ्या गावी नोकरी लागल्याचं तिने ओळीने दोन संध्याकाळ सांगितलं. बाईंनी दोन्ही संध्याकाळी "हं" म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती पिशवी उचलून दाराकडे निघाली, तेव्हा बाई दचकून म्हणाल्या, "अगं, कुठे निघालीस?"

चिलट उंबऱ्यात थांबली. "मावशी, मी बाहेर पडायला लागले की तुला दिसते. घरात बसलेली असते तेव्हा मी कपाट असते."

"काहीतरीच काय. कपाटाशी मी बोलते का?"

"तेच म्हणतेय," चिलट म्हणाली, आणि गेली.

त्याला तीन वर्षं झाली. वाढदिवसाला निरोपांची देवाणघेवाण होई, तीही दोन्ही बाजूंनी 'सुखी राहा' एवढ्यावर भागे. बाईंची बहीण जिवंतपणी म्हणायची, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये. बाईंचं म्हणणं, हातचं दिसलं तर ना.

व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी डब्यातला फोन चक्क थरथरला. निरोप होता. "गुरुवारी दुपारी तुझ्या गावावरून जातेय. बस बदलायचीय, मधे दीड-दोन तास आहेत. स्टँडवर पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर बसेन. जमलं तर ये."

बाईंनी 'जमलं तर' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचले. मग मदतनिसांना बोलावलं.

"मला तिला एक विचारायचंय. निवृत्त झाल्यावर तुझ्याकडे राहायला येऊ का, थोडे दिवस."

"थोडे म्हणजे किती, बाई?"

"म्हणजे कायमचं. पण एकदम तसं कसं म्हणायचं?"

"आणि ती नाही म्हणाली तर?"

बाई पिंजऱ्याच्या जाळीकडे बघत राहिल्या. "नाही म्हणाली तर घरी पाल आहे," त्या म्हणाल्या. मदतनीस हसायला गेले होते, ते मधेच थांबले.

गुरुवारी सकाळी मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून बाईंनी फोन डब्यात टाकला, एक चतुर काडीला लावला आणि पट्टीचा प्रयोग दोनचारदा करून पाहिला. त्याला पेटीत ठेवून त्या निघाल्या त्या थेट बसस्टँडवर, सांगितलेल्या वेळेच्या कितीतरी आधी. फोन डब्यातच राहिला.

बस आली. उतरणाऱ्या घोळक्यात बाईंनी चिलटाला चेहऱ्यावरून नाही, चालण्यावरून ओळखलं. पाठीला पिवळी पिशवी, मान किंचित पुढे, आपल्याला उशीर झालाय अशी कायमची चाल. आणि बाईंच्या डोक्यात डावीकडे कुठेतरी, टक, टक, टकटकटकटक.

स्टँडवर एक लांब भिंत होती. तिच्यावर रंगाची जाहिरात होती आणि मागे पाण्याची टाकी, नळ, स्वच्छतागृहं. चिलट डावीकडून आली आणि भिंतीमागे दिसेनाशी झाली. बाक तिथेच मागे होता, हे बाईंना माहीत होतं. तिच्या मागोमाग जाणं, एवढंच करायचं होतं. पण हाक मारायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं आणि पाय निघाले ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाकडे. ती येईल, बाक रिकामा बघेल, आपल्याला शोधत इकडून बाहेर पडेल. वेग माहीत होता, रोख माहीत होता. बाईंनी टोकाशी जागा घेतली आणि हात पुढे केला. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या उंचीवर. मग लक्षात आलं, तेव्हा वीतभर वर घेतला, मग आणखी वीतभर.

"आली—" बाई म्हणाल्या.

बाहेर आला एक गादी डोक्यावर घेतलेला माणूस.

मग एक जोडपं आलं, सुटकेसच्या एकाच चाकावरून भांडत. मग दोन पोलीस. मग कुणीच नाही. बाईंनी गणित नव्याने मांडलं. बुटाची नाडी सुटली असेल. पाणी पीत असेल. वजन वाढलं असेल, चाल मंदावली असेल. प्रत्येक गणिताला उत्तर येत होतं, चिलट येत नव्हती.

झाडूवाली झाडत तिथवर आली. "कुणी यायचंय का?"

"हो. आत्ता येईल."

ती पुन्हा आली. "आलं का?"

"आत्ता येईल."

तिसऱ्या खेपेला तिने विचारलं नाही. बाईंच्या पायांभोवतीची जागा सोडून तिने आजूबाजूचं झाडून घेतलं, खांबाभोवती झाडतात तसं.

बाईंनी पर्समध्ये हात घातला. फोन नव्हता. डब्यात होता. आणि तो आत्ता वाजत असेल. वर्षानुवर्षं न वाजलेला फोन वाजतोय, आणि ऐकायला पत्र्याचा डबा.

चतुर असता तर एव्हाना दुसरं काहीतरी पकडून, खाऊन, तोंड पुसून मोकळा झाला असता. बाई मोकळ्या होईनात. ऊन भिंतीवरच्या रंगाच्या जाहिरातीवरून उतरून त्यांच्या चपलांवर आलं. ती परत फिरली असेल. बाक रिकामा बघून म्हणाली असेल, नाहीच जमलं मावशीला. तीन वर्षांनी भेटायचा एक निरोप केला होता, आता पुढचा येईल तो वाढदिवसालाच, आणि त्यात 'सुखी राहा' असेल. स्टँडवर एवढी माणसं येत होती, जात होती, आणि त्यांतल्या एकालाही बाई दिसत नव्हत्या. का दिसाव्यात? त्या हलत कुठे होत्या?

हे मनात आलं तेव्हा बाईंनी हात खाली घेतला. ठिपका पट्टीमागे त्यांनी हजारो वेळा पाठवला होता. पट्टीमागे काय असतं हे बघायला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

त्या भिंतीमागे गेल्या. टाकी होती. नळ गळत होता. एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन बसला, तो बाईंनी पाहिला. वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी घरंगळत गेली, तीही पाहिली. दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आल्या. चिलट नव्हती. बाईंचे डोळे भरून आले आणि त्या परत वळल्या.

"मावशी."

बाकावर चिलट बसली होती. पिवळी पिशवी शेजारी, हात मांडीवर.

"अगं! तू इथे?"

"इथेच. बाकावर बसेन म्हणाले होते ना."

"केव्हापासून?"

"उतरल्यापासून. आत्ता तू माझ्यासमोरून गेलीस. तुझी पर्स माझ्या गुडघ्याला लागली. 'सॉरी' म्हणालीस."

"मला वाटलं, कुणीतरी बसलंय."

"कुणीतरीच बसलं होतं."

बाईंनी आवाज चढवला. "मग हाक नाही मारायची?"

"बघत होते, दिसते का."

"आणि मी तिकडे टोकाला उभी! हात वर करून! लोक मला रिक्षा थांबवणारी समजले असतील. जरा उठून बघायचं, मावशी कुठे राहिली!"

"हरवलीस तर जागचं हलायचं नाही," चिलट म्हणाली. "शोधायचं काम माझं. असं कोण म्हणालं होतं?"

बाई तिच्या शेजारी धपकन बसल्या. नळ गळत राहिला.

"फोन किती केले तुला."

"डब्यात आहे."

"अजून तोच डबा?"

"छे, तो बिस्किटांचा गंजला. आता चॉकलेटचा आहे."

चिलट हसली. हसताना ती अगदी बहिणीसारखी दिसत होती, आणि हे बाईंना आजच दिसलं. वाक्य जिभेवर तयार होतं. बाईंनी घसा साफ केला.

"तुला सांगते, चतुराच्या मेंदूत ना, ठिपका दिसेनासा झाला की पेशी—"

"मावशी, काय विचारायचंय?"

"कुठे काय? मी चतुराचं सांगतेय."

"तुला अवघड काही बोलायचं असलं, की आधी चतुर येतो. आई गेल्याचं सांगायच्या आधी तू मला सांगितलं होतंस, चतुराच्या एका डोळ्यात किती हजार भिंगं असतात. आठवतंय? मी कितीतरी वेळ त्याचीच बेरीज करत बसले होते."

बाईंना आठवत होतं. त्यांनी पर्सचा खटका उघडला, मिटला, उघडला.

"मी पुढच्या आठवड्यात निवृत्त होतेय," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "घरात फ्रिजचा आवाज फार येतो गं. मी तुझ्याकडे येऊ का? थोडे दिवस. थोडे म्हणजे... फ्रिज आणणार नाही."

चिलट तशीच बसून राहिली. बाईंनी त्या बसण्याकडे मान वळवून बघितलं, आणि नजर हलू दिली नाही.

"ये," ती म्हणाली. "पण एक आहे. माझं काम बसून असतं. दिवसभर खुर्चीत. संध्याकाळीही मी फारशी हलत नाही. मी कपाटच आहे आता, आधीच सांगते."

"चालेल."

"बघशील माझ्याकडे?"

"बघेन."

"हं म्हणू नकोस नुसतं."

"डोळ्यांत तेल घालून बघेन," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते इतकं खरं वाटलं की व्याख्यानात सांगितलेलं सगळं त्यापुढे फिकं पडलं.

भोंग्यातून घोषणा झाली. चिलटाची बस लागली होती. माणसं लगबगीने उठली, पिशव्या उचलल्या गेल्या, भिंतीपलीकडून इंजिनाची घरघर यायला लागली. चिलट उठली नाही. अर्धवट उठल्यासारखी झाली आणि परत बसली. दुसरी घोषणा झाली. तरी बसूनच. सगळा स्टँड हलत होता आणि एक ती थांबली होती, आणि तरी तीच तेवढी दिसत होती. पोरगी बस सोडत होती. मावशीसाठी. बाईंचा ऊर भरून आला. आता काहीतरी मोठं बोलायला हवं होतं, आभाराचं, त्या राहून गेलेल्या आभारांचं. त्या बाकावर आणखी सरसावून बसल्या.

"चिलट," बाई सुरू झाल्या, "माझ्या सबंध आयुष्यात—"

"मावशी."

"बोल. काय हवं ते माग."

"जरा उठ ना. माझ्या पिशवीच्या पट्ट्यावर बसलीयस."